कडीच्या दाराची गाडी

शहापूरच्या बसस्थानकावर गायकवाडबाई बसची वाट पाहत उभ्या आहेत, असे दृश्य मी माझ्या नोकरीच्या काळात एकदाही पाहिले नाही. शाळा सुटली की आम्ही दोघे स्थानकापर्यंत बरोबर येत असू. मी सापगावचा. मला जी बस हवी तीच त्यांनाही हवी असे, कारण ती पुढे मुरबाडला जाई, आणि तिथून त्यांना सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावी जायचे असे. फलाटावर बस लागलेली नसली की बाई म्हणत, "सर, तुम्ही बसा. मी निघते." आणि त्या खरोखरच निघत. बस ज्या रस्त्याने जाणार त्याच रस्त्याने, खांद्याला पर्स आणि हातात मिटलेली छत्री घेऊन चालू लागत. काही वेळाने मागून बस येई, वाहक त्यांना ओळखून दोरी ओढी आणि बाई चढत.

"बाई, अर्धं तिकीट फाडू का? अर्धा रस्ता चालूनच आलात."

"अर्धं कशाला, मला पगार द्या. तुमच्या बसला मी पुढं राहून वाट दाखवते."

आता हिशेबाने पाहिले तर या चालण्यातून काहीच साधत नसे. जी बस मला घेऊन निघे तीच त्यांना गाठे आणि आम्ही दोघे सापगावच्या पुलावर एकाच क्षणी पोहोचत असू. मी भूमिती शिकवीत असल्यामुळे ही गोष्ट त्यांना रेघा काढून समजावून दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, "सिद्धता बरोबर आहे, सर. पण उभं राहिलं की माझ्या पोटऱ्यांत मुंग्या येतात. चालले की त्या निदान रस्त्यावर तरी सांडतात."

कुंदा दामू गायकवाड हे त्यांचे पूर्ण नाव. आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवीत. अंगाने काटक, केस तेल लावून चापून बांधलेले आणि त्यांत पिनांचा एवढा साठा, की शाळेत कुठलेही कुलूप अडले, कुठलाही स्टेपलर तुंबला, की शिपाई आधी बाईंना शोधी. शिक्षकखोलीत त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर बहुतेक वेळा वह्याच बसलेल्या असत. त्या वह्या त्या व्हरांड्यात फेऱ्या मारत तपासत. चहा अर्धाच घेत. उरलेला चहा कुठल्या खिडकीत, कुठल्या कपाटावर निवत पडला आहे, त्यावरून बाई कोणत्या दिशेने गेल्या हे आम्ही ओळखत असू. "बसलं की गंजतं," हे त्यांचे बोधवाक्य होते. ते त्या मुलांना सांगत, मुख्याध्यापकांना सांगत, आणि एकदा शाळेच्या वार्षिक सभेत भाषणे लांबली तेव्हा प्रमुख पाहुण्यांनाही सांगून झाले होते.

त्यांच्या शिकवण्याचा एक प्रसंग सांगितला म्हणजे बाकीचे वेगळे सांगावे लागणार नाही. इंजिनाच्या चार क्रिया पुस्तकात शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन अशा दिल्या आहेत. बाईंनी चार मुले फळ्यापुढे उभी केली. पहिल्याने श्वास ओढत खाली बसायचे, दुसऱ्याने छाती फुगवून उठायचे, तिसऱ्याने ओरडत खाली आदळायचे आणि चौथ्याने फुंकर मारत उठायचे. शब्दही त्यांनी मुलांच्याच घरचे दिले: ओढ, दाब, भडका, फेक. त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारले, "संपीडनानंतर काय होतं?" मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भडका!" एवढे बोलून ती थांबली नाही. भडका कसा होतो हे तिने जमिनीवर आदळून दाखवले. साहेबांच्या हातातला पेन खाली पडला. नंतर शिक्षकखोलीत त्यांनी सौम्यपणे विचारले, "बाई, प्रमाण शब्द नकोत का?" बाई म्हणाल्या, "येतात की साहेब. आधी इंजिन चालू होऊ दे, मग पाटी लावू." आणि अर्धा चहा साहेबांच्या समोरच ठेवून त्या तासावर गेल्या.

इंजिनाचे हे प्रेम पुस्तकातून आलेले नव्हते. त्यांचे वडील, ज्यांना सारा तालुका दामू डायवर म्हणून ओळखत असे, यांच्याकडे जीपच्या सांगाड्यावर बांधलेली एक जुनी पेट्रोलची पिकअप होती. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. हौद्यात काकडी, भेंडी, भाताची पोती. आणि केबिनमध्ये, पैसे न घेता, आजारी माणूस. पाड्यावर कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, की दामूदादांच्या अंगणात हाक येई. पुढची सीट पेशंटची, हा त्या गाडीचा नियम होता. घरची माणसेसुद्धा मागे पोत्यांवर बसत. पुढे रस्ते सुधारले, नव्या गाड्या आल्या, दादांचे गुडघे गेले आणि पिकअप घरामागच्या जांभळाखाली उभी राहिली ती राहिलीच. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. दादा गेले तेव्हा ती बाईंच्या नावावर आली. म्हणजे जांभळाखालचा गंज त्यांच्या नावावर आला.

दादांना शेवटी रुग्णवाहिकेतून नेले होते. ते परत आले नाहीत. त्या दिवसापासून बाईंच्या आई, सोनाआजी, कुठल्याही गाडीत बसेनाशा झाल्या. एरवी यात काही बिघडले नसते. पण आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गावात शिबिर झाले तेव्हा डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितले, की उजव्या डोळ्यातला फार पिकला आहे. आणखी पिकू दिला तर आतला दाब वाढून डोळा कायमचा जाईल, मग शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. शस्त्रक्रिया मुरबाडला व्हायची होती. शेजारच्याची रिक्षा आणली, आजींनी घराचा खांब धरला. भाच्याने मोटार आणली, आजी मागच्या दाराने वाडीत निघून गेल्या. शेवटी बाईंनी रागावून विचारले, "मग जाणार तरी कशातून?"

आजी म्हणाल्या, "गाडीत बसंन ती यांच्याच. दुसऱ्या गाडीनं नेलं ते मागारी येत नाय."

आमच्याकडे नकार सरळ तोंडावर देत नाहीत. जे कधी घडणार नाही त्याची अट घालतात, आणि ऐकणारा समजून घेतो. जांभळाखालचा तो सांगाडा चालू होणार नाही हे आजींना ठाऊक होते. म्हणूनच त्या तसे म्हणाल्या. गावाने ते बरोबर समजून घेतले आणि विषय सोडून दिला. एकट्या गायकवाडबाईंनी ते वाक्य मुलांना देतात तशा गृहपाठासारखे घेतले. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या त्या फोनमध्ये डोके घालूनच. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक समूह त्यांनी शोधून काढला होता आणि त्यावर कोंबड्यांसकट पिकअपचा फोटो टाकला होता. खाली लिहिले होते: "पावसाच्या आत चालू व्हायला हवी. कोण येतं?"

दोघे आले. पहिले देसले मिस्त्री. धरणावरच्या वाहनांची दुरुस्ती करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर ते भातसानगरच्या कडेला शेळ्या पाळून होते आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी इंजिने खोलून परत जोडत होते. दुसरे कल्याणचे एक दंतवैद्य. त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी मोटार होती. तिच्या प्रत्येक स्क्रूची खाच उभी आहे की आडवी, हेसुद्धा ते मूळ छायाचित्राशी ताडून पाहत. पहिल्या भेटीत मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "सर, दात उपटणारा माणूस हा. इंजिनात काय उपटणार?" पण डॉक्टरांनी खिशातून छोटा आरसा काढला, रुग्णाच्या तोंडात धरतात तसा प्लगच्या भोकात धरला आणि "किडलंय, पण मूळ शाबूत आहे," असे निदान केले, तेव्हा मिस्त्री इतके हसले की मैत्री तिथेच झाली.

पिकअप भातसानगरला आणणे हेच एक प्रकरण होते. ट्रॅक्टरच्या मागे साखळीने बांधलेली, ब्रेक नसलेली गाडी, आणि सुकाणूवर बाई. ब्रेक नसला की काय करायचे, हे मिस्त्रींनी त्यांना नीट समजावले होते: साखळी ढिली पडू द्यायची नाही, उतारावर गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत घालायची. बाईंनी सगळे ऐकले आणि मुरबाडच्या बाजारात, लोक बघताहेत म्हणून, रबरी फुग्याचा हॉर्न वाजवून पाहिला. हॉर्न वाजला. एवढ्या वर्षांच्या गंजातून तेवढा एकच अवयव जिवंत निघाला होता. तिथून भातसानगरपर्यंत बाई तो वाजवत आल्या. ट्रॅक्टरवाला उतरल्यावर म्हणाला, "बाय, माझ्या कानात आता नुसती तूच हायस."

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही त्या शेडमध्ये घालवले. 'आम्ही' म्हणतो खरे, पण माझे काम दिवा धरणे आणि पाने-पकडी हातात देणे एवढेच होते. तिथे बसून मी जे पाहिले ते असे, की ती गाडी दुरुस्त होण्यात सर्वांत मोठी अडचण खुद्द बाई होत्या. इंजिन जाम झाले होते. अशा इंजिनाला जोर लावायचा नसतो. प्लगच्या भोकांतून तेल सोडायचे आणि ते मुरू द्यायचे, मग आतले भाग आपोआप सुटतात. मिस्त्री म्हणाले, "बाई, लोणचं आहे हे. बरणी हलवायची नाय." पण बाई शाळा सुटली की वाट वाकडी करून भातसानगरला येत आणि हँडल लावून इंजिन फिरते का पाहत. शेवटी मिस्त्रींनी हँडल लपवले. तर बाई मागचे चाक उचलून, गिअर टाकून, ते चाक हाताने फिरवू लागल्या. मिस्त्रींच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, "सर, तुमच्या बाईंना इकडं चाकरीला ठेवा. शेळ्यांना पन धीर नाय निघत, पन त्या निदान पाला घातला की गप बसतात."

अखेर इंजिन सुटले, पण पुढे कार्ब्युरेटरचे झाले. त्यातल्या जेट नावाच्या तुकड्याला सुईच्या टोकाएवढे भोक असते आणि पेट्रोल किती जायचे हे तेवढ्या भोकावर ठरते. ते तुंबले होते. मिस्त्री हवेचा पंप आणायला गेले, तेवढ्यात बाईंनी केसातली पिन काढली. भोक मोकळे झाले, पण मोठेही झाले. हँडल मारले की इंजिन काळा धूर ओकून लगेच विझू लागले. नवा जेट डॉक्टरांनी कुठून तरी मिळवेपर्यंत काम थांबले. त्या मधल्या रविवारी बाई शेडच्या आत आल्याच नाहीत. शेळ्यांच्या गोठ्यापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून गोठ्यापर्यंत फेऱ्या मारत राहिल्या. मी जवळ गेलो तेव्हा एवढेच म्हणाल्या, "सर, सकाळी आईनं चहा कपात ओतला. कप तिथं नव्हता."

मग त्या पुन्हा चालू लागल्या. त्यांच्या घाईला मी मनाशी स्वभाव म्हणत आलो होतो. त्या दिवसापासून ते थांबवले.

इकडे डॉक्टरांची घाई नेमकी उलट दिशेची होती. त्यांचे म्हणणे, गाडी आयुष्यात एकदाच नवी होते, तर ती कारखान्यातून निघाली तशीच व्हावी. दिव्यांच्या कड्या मूळच्या, काटे मूळचे, रंगसुद्धा मूळचा, फिकट हिरवा. मिस्त्रींनाही हळूहळू तो नाद लागला. दामूदादांनी जागोजागी मारलेल्या पट्ट्या, वेल्डिंगचे टेंगूळ, तारेने बांधलेले आरसे हे सगळे त्या दोघांनी एकेक करून काढून टाकले. बाई म्हणत, "अहो, चालू करा ना आधी!" डॉक्टर म्हणत, "बाई, तुमच्या वडिलांना मानवंदना आहे ही." त्यावर बाई पुन्हा फेऱ्या मारू लागत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिन एकदाचे नीट चालू झाले. स्टार्टर कल्याणला वाइंडिंगसाठी गेलेला होता, पण बाई थांबायला तयार नव्हत्या. कागदपत्रांची बाजू डॉक्टरांनी निस्तरली होती. रविवारी सकाळी आम्ही चौघे गाडी घेऊन बाईंच्या गावी गेलो. मिस्त्रींनी सवयीने चाकाखाली ठेवायला लिंबू आणि फोडायला नारळ आणला होता. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आमच्यात ते नाही. नारळ आत द्या, चटणी होईल. लिंबू सरबताला." घरात मेणबत्ती लावून त्यांनी बुद्धवंदना म्हटली, तीही उभ्याउभ्याच, आणि आईला हाताला धरून अंगणात आणले.

सारे गाव जमले होते. हिरवी गाडी उन्हात झळाळत होती. सोनाआजींना तो हिरवा रंग दिसला असावा, कारण त्या थोडे थबकल्या. मग पुढे झाल्या, हात लांब करून पत्रा चाचपला, पत्र्यावरून दारावर आल्या. दाराचे नवे चकचकीत हँडल त्यांच्या हाताला लागले. तो हात तिथून वर गेला, खाली गेला, पुन्हा वर गेला.

"कडी कुठं हाय?"

कुणाला काही कळेना.

"आपल्या गाडीला कडी हाय," आजी म्हणाल्या. "ही आपली नाय गो, कुंदे. कोनाची आनलीस?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला जे सांगितले ते असे. कधीकाळी कुठल्याशा पेशंटच्या भावाने घाबरून दार ओढले आणि हँडल तुटून त्याच्या हातात आले. दुसरा पेशंट वाट पाहत होता. दामूदादांनी स्वतःच्या घराच्या परसदाराची लोखंडी कडी उपसली आणि गाडीच्या दाराला ठोकली. त्यावरून आजी त्यांच्याशी कडकडून भांडल्या होत्या. ते परसदार आजही सुतळीने बांधलेले होते. आम्ही सर्वांनी ते जाता-येता पाहिले होते. आणि भातसानगरच्या शेडमध्ये ती कडी निघाली तेव्हा बाई शाळेत होत्या; पुढे इंजिनाच्या नादात दाराकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते.

"दादांची गाडी हाय, आयो. नुसती रंगवलीय."

"मी आंधळी झाले म्हनून फसवतीस?" आजींचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो अधिक लागला. "त्यांची गाडी मला डोळ्यानं वळखायची कदी गरज पडलीच नवती." आणि वळून त्या चाचपडत घरात गेल्या.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पण बाई, मूळ गाडीला कडी नसते."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुमची मूळ गाडी कारखान्यातून निघते. माझी या अंगणातून निघते." मग मिस्त्रींना, "कडी कुठाय?"

मिस्त्रींनी डोके खाजवले. "बाई, फेकली नाय मी. चांगलं लोखंड होतं. गोठ्याच्या फाटकाला लावलीय."

जेवणाची पाने घेतली होती. बाईंनी कुणालाही बसू दिले नाही. त्याच गाडीने आम्ही भातसानगरला परत आलो. याहून वेगाने बाई पुन्हा कधी गाडी हाकतील असे मला वाटत नाही. गोठ्यापुढे गाडी थांबली न थांबली तोच त्या उतरल्या आणि पान्याने कडी उपसू लागल्या. मिस्त्री ओरडत होते, "अहो, आधी फाटकाला काही बांधू द्या!" कडी सुटली, फाटक उघडले आणि सगळ्या शेळ्या धरणाच्या रस्त्याने निघाल्या. कल्याणचा तो नामवंत दंतवैद्य पांढऱ्या विजारीत शेळ्यांमागे पळतो आहे, मिस्त्रींच्या सौभाग्यवती घरातून नवऱ्याचा उद्धार करताहेत, आणि बाई चकचकीत हँडल काढून त्या जागी कडी ठोकताहेत, हे दृश्य मला अजून दिसते. नव्या हिरव्या रंगाचे टवके उडत होते. शेळी काखेत घेऊन परत आलेल्या डॉक्टरांनी ते पाहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोयंडा थोडा डावीकडे घ्या. जुनी भोकं तिथंच आहेत."

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "सर, मुरबाडला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. तुम्ही हवेत." कारण त्यांनी सांगितले नाही आणि फोन ठेवला. मी सकाळीच त्यांच्या गावी पोहोचलो. आजी दारापाशी उभ्या होत्या. हात लांब केला, कडी लागली. त्यांनी ती एकदा वर केली, खाली केली. खट्ट असा आवाज झाला.

"माज्या परसदाराची हाय," आजी म्हणाल्या. मग गाडीच्या कडेकडेने हात टेकत मागे हौद्याकडे निघाल्या.

"आयो, पुढं बस."

"पुढं पेशंट बसतात."

"आज पेशंट तूच हायस."

ही अडचण आजींच्या ध्यानात आली नव्हती. "मला काय धाड भरलीय?" असे पुटपुटल्या खऱ्या, पण परत आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या. हौद्यात मी बसलो.

मला का बोलावले ते मुरबाडला पोहोचल्यावर कळले. स्टार्टर अजून आलेला नव्हता आणि इंजिन फिरवायचे हँडल घाईत भातसानगरलाच राहिले होते. बाईंच्या अंगणाला उतार असल्यामुळे तिथे गाडी सोडून दिली की इंजिन चालू होत असे. दवाखान्याचे आवार मात्र सपाट होते. "सर, आईला तुम्ही आत न्या. मी गाडी बंद करू शकत नाही, आणि उभी केली तर ती बंदच पडेल. आणि आई याच गाडीनं परत जाणार, तसं तिला सांगितलंय." एवढे बोलून त्या आवारात गाडी फिरवू लागल्या.

आत बाकांवर रांग होती. परिचारिकेने आजींच्या डोळ्यात थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितले. आजींनी माझी बाही घट्ट धरली होती. दर फेरीला पिकअप खिडकीखालून जाई. आजी म्हणत, "आली." थोड्या वेळाने, "गेली." मग पुन्हा, "आली." बाकावरची इतर माणसेही ऐकू लागली. बाहेरून रखवालदाराचा आवाज येत होता, "ओ बाई, लावा ना कुठं तरी! चक्कर यायला लागली मला!" आणि बाईंचा, "तुम्ही नका बघू!"

आजींचे नाव पुकारण्याची वेळ जवळ आली. पिकअप गेली आणि पुढच्या फेरीला आलीच नाही. आजींची बोटे माझ्या बाहीत रुतली. आम्ही दोघे ऐकत राहिलो. रखवालदार गप्प होता.

"बंद पडली," आजी म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "चला, मास्तर. घरला चला. मी नाय इथं राहनार."

मी काय सांगणार? सांगायचे होते ते सारे बरोबर होते: डोळा, दाब, उशीर. त्यातले एकही वाक्य त्या क्षणी उपयोगाचे नव्हते. तेवढ्यात दारातून बाई आल्या, पदराला हात पुसत, आणि आईच्या शेजारच्या रिकाम्या जागी बसल्या.

"बंद पडली ना?"

"नाही. बंद केली."

"कशाला?"

"तू आत जाताना मी बाहेर फिरत बसू?"

आजी हळूहळू खाली बसल्या. "मंग आता मागारी कशी जायची?"

"ढकलत. सर आहेत की."

आजींना हसू आले. डोळे मिटलेलेच होते. गालांवरून औषधाचे थेंब ओघळत होते. नाव पुकारले तेव्हा त्यांनी माझी बाही सोडली आणि लेकीचा हात धरून आत गेल्या. त्या आत असेपर्यंत बाई शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होत्या. गुडघा मात्र शिवणयंत्राच्या पायट्यासारखा सारखा हलत होता, तो मी पाहिला. डोळ्यांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. हा डोळा वाचला." बाईंनी मान हलवली आणि विचारले, "दुसरा कधी?"

दुपार कलल्यावर आजींना सोडले. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा पूर्वीसारखाच धूसर. त्या पुढे बसल्या. गाडी ढकलायला मी होतो, रखवालदार होता, आवारातला चहावाला होता आणि आपल्या बायकोची पट्टी सुटण्याची वाट पाहणारा एक शेतकरी होता. "सोडा!" बाई ओरडल्या, गाडीने दोन आचके खाल्ले आणि इंजिन धडधडले. आता ती थांबवायची नव्हती, म्हणून बाई आवारात फिरवू लागल्या. माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "सर, चढा!" मी हौद्याच्या फाळक्याला हात घातला, पण माझे वय आणि गाडीचा वेग यांचे गुणोत्तर जुळेना. दुसऱ्या फेरीला त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या, "चढा ना सर!" तिसऱ्या फेरीला खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाल्या, "सर, तुम्ही एसटीनं या!" आणि गाडी फाटकाकडे वळवली.

त्याच उन्हाळ्यात मी निवृत्त होऊन नाशिकला मुलीकडे राहायला गेलो. बाईंचा फोन येतो, तो त्या चालता चालता करतात आणि मध्येच तुटतो. आजींचा दुसरा डोळाही झाला, असे त्यातल्याच एका फोनवर कळले. पण मी त्यांना पाहिले ते त्या दिवशी शेवटचे. फाटकातून बाहेर पडताना सोनाआजींनी निरोपाचा हात खिडकीतून बाहेर काढला. त्यांना वाटले तिथे मी नव्हतो. तिथे चहावाला उभा होता. त्याने किटली खाली ठेवली आणि गाडी बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत दोन्ही हातांनी निरोप दिला.